पोटरीत टोचलेल्या पेशी

मीरा रोडला सिल्व्हर पार्कच्या सिग्नलजवळ रिक्षातून उतरून एक काका दवाखान्यात आले, तेव्हा उजव्या पायात चप्पल नव्हती. कुठे निसटली हे त्यांना कळलेच नव्हते. मधुमेहाने तळपाय बधिर झालेले. अंगठ्याचे टोक काळे पडले होते. घोट्यामागे रक्तप्रवाह ऐकवणारी डॉप्लरची पेन्सिल टेकवली. जिथे ठोक्यांचे फटकारे ऐकू यायला हवेत, तिथे नुसती दबलेली सरसर. मुलगा म्हणाला, “डॉक्टर, स्टेम सेलचं इंजेक्शन असतं ना?”

असते. पण या प्रश्नाच्या उत्तराला हे अख्खे पुस्तक लागले.

रक्तात फिरणाऱ्या पेशी नव्या वाहिन्यांचे अस्तर होऊ शकतात, असे ताकायुकी असाहारा आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये मांडले. २००२ मध्ये जपानी डॉक्टरांनी पायाच्या धमन्या तुंबलेल्या रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी पोटरीत टोचल्या. दुखणे घटले, चालणे वाढले, जगभर उत्साह संचारला. नेदरलँड्सच्या ‘जुव्हेंटस’ चाचणीने २०१५ मध्ये त्यावर पाणी ओतले. १६० रुग्ण, काहींच्या धमनीत पेशी, काहींच्या नुसते प्लासिबो, म्हणजे पेशींविना लुटुपुटीचे औषध. पाय कापावे लागण्याचे प्रमाण घटले नाही. बरे मात्र दोन्ही गटांना वाटले! तेव्हापासून प्लासिबोविना सांगितलेल्या यशोगाथा मी जरा सावधपणेच वाचतो.

आपल्याकडे बेंगळुरूच्या स्टेमप्युटिक्सने दात्यांच्या अस्थिमज्जेतून ‘स्टेमप्युसेल’ तयार केले. २०१६ मध्ये त्याला मर्यादित परवानगी मिळाली ती बर्जर रोगासाठी, म्हणजे विडी-तंबाखूने तरुणपणीच तुंबणाऱ्या पायांसाठी. २०२० मध्ये चरबीने तुंबलेल्या धमन्याही त्यात आल्या. मात्रा किलोमागे २० लाख पेशी. साठ किलोच्या माणसाला बारा कोटी, पोटरीत आणि जखमेभोवती. या पेशी स्वतः धमनी बनत नाहीत, फार टिकतही नाहीत. त्या रसायने सोडतात आणि शेजारच्या बारीक वाहिन्यांना फुटवे येतात. हमरस्ता बंद, गल्ल्या रुंद. मीरा रोडकरांना हे वेगळे समजवावे लागत नाही.

मधुमेहाचा पाय मात्र निराळा. धमन्यांच्या भिंतीत कॅल्शियम साचते, त्यामुळे घोट्याचा रक्तदाब फसवा चांगला दिसतो. अंगठ्याचाच मोजावा लागतो. त्यात बधिरपणा आणि जंतुसंसर्ग. बर्जरवरचे निकाल इथे जसेच्या तसे चालत नाहीत, आणि अँजिओप्लास्टी किंवा बायपास होण्यासारखे असेल तर पहिला मान त्यांचा. काकांची अँजिओप्लास्टी झाली. अंगठा गेला, पाऊल राहिले.

घाईतल्या डॉक्टरांनी थेट चाचण्यांचे प्रकरण उघडावे. घरात मधुमेही असेल त्यांनी पहिल्यापासून वाचावे. वाचता वाचता त्या मधुमेही माणसाचा पाय मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्या पाहिल्या तरी चालेल.