नवी गाडी टिकणार नाही

हे वाक्य आमच्या काउंटरवर मी पहिल्यांदा ऐकलं ते हिरो होंडाबद्दल. 1985 साली सीडी 100 बाजारात आली. अमळनेरात ती दिसू लागली तेव्हा मी शाळा सुटली की वडिलांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात बसायचो. तापीकाठचे एक पाटील, पक्के राजदूतवाले, नव्या गाडीभोवती एक चक्कर मारून वडिलांना म्हणाले, "आप्पा, हाई काय गाडी शे का? हाई खेळनं शे." आवाज नाही, धूर नाही, इंजिन आडवं झोपलेलं. असली गाडी आपल्या काळ्या मातीत दोन पावसाळे काढेल यावर त्यांचा विश्वास नव्हता. आप्पांनी मान डोलावली. गिऱ्हाइकाला नाही म्हणायची आमच्या दुकानात पद्धत नव्हती.

पुढे हेच वाक्य बुलेटच्या नव्या इंजिनाबद्दल ऐकलं, पल्सरबद्दल ऐकलं, फ्युएल इंजेक्शनबद्दल तर फारच. आता ते लांब पल्ल्याच्या टुरिंग गाड्यांवर येऊन थांबलंय. मंगळवारी हमखास. मंगळग्रह मंदिराला लांबलांबून भाविक येतात, त्यात मोटरसायकलवर सामान बांधून आलेली पोरंही असतात. दर्शन झालं की कोणी चेनचं ल्यूब मागतो, कोणी क्लच केबल, आणि चहावर चर्चा सुरू होते: जुनी हिमालयन बरी की नवी, 390 ॲडव्हेंचर पन्नास हजारांनंतर कशी राहते, पाण्याने थंड होणारं इंजिन आपल्या उन्हात टिकतं का. मालक तावातावाने बोलतात, आणि ज्याची गाडी पंधरा हजारही चाललेली नाही त्याचा आवाज सगळ्यांत मोठा असतो.

मी ऐकून घेतो. माझ्या डोळ्यांसमोर मात्र वडिलांच्या वेळच्या फळ्या असतात.

सगळ्यांत खालची, सगळ्यांत मोठी फळी राजदूतची. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडच्या एसएचएल गाडीवरून ती 1962 पासून इथे काढली. 175 सीसी, टू-स्ट्रोक, तीन गिअर. पेट्रोलमध्ये ऑइल मापाने घालायचं. माप चुकलं की एक तर पिस्टन धरायचा, नाहीतर मागे धुराचे लोट. आमच्याकडची राजदूत दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन लटकवून डांगर-मारवडच्या रस्त्याने रोज यायची. आज लोक म्हणतात, राजदूत कधी बंद पडली नाही. साफ खोटं. ती दर आठवड्याला बंद पडायची. प्लग काळा व्हायचा, पॉइंट चिकटायचे, सायलेन्सर कार्बनने तुंबायचा. दूधवाल्यांचं त्यावर ठरलेलं औषध होतं. सायलेन्सरची आतली नळी काढायची, गोवऱ्यांच्या आगीत घालायची, लालभडक झाली की चिमट्याने धरून दगडावर आपटायची. काळे खपले गळून पडायचे. नळी थंड होईपर्यंत बिडी ओढायची आणि परत बसवायची. पॉइंट घासायला पॉलिश पेपरचा तुकडा पाकिटात, जादा प्लग खिशात. याला कोणी बिघाड म्हणत नसे, जसं बैलाला पाणी पाजण्याला कोणी आजार म्हणत नाही. म्हणून चाळीस वर्षांनी आठवण सांगताना ते सगळं गळून जातं आणि "कधी बंद पडली नाही" एवढंच उरतं.

येझदीची फळी वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावा कंपनीने साठच्या दशकात चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या इथे काढल्या आणि 1973 पासून त्यांना येझदी हे नाव दिलं. तिची एक गंमत होती: किक आणि गिअरचा दांडा एकच. दांडा आत दाबून वर फिरवायचा, किक मारायची, की तो पुढे येऊन गिअर व्हायचा. नवख्याला दुकानासमोर ही कसरत करताना पाहायला पोरं जमायची. 1996 ला म्हैसूरचा कारखाना बंद झाला. लोकांना वाटलं, संपली गाडी. पण आमच्याकडच्या येझद्या पुढेही चालल्या. का चालल्या, याचं उत्तर दोन ठिकाणी आहे. एक, दिल्लीचं करोल बाग. क्लच प्लेट, रबर, ऑइल सील, तिथून पार्सल यायचं. दुसरं आमच्या गावात. प्रताप शेठजींनी अमळनेरला मिल दिली, 1916 ला तत्त्वज्ञान मंदिर दिलं, पुढे त्यांच्या नावाचं कॉलेज झालं. मोटरसायकलवाल्यांच्या वाट्याला मिलचे फिटर आले. लूमच्या कामावर हात बसलेला एक म्हातारा मिस्त्री जुना बुश हातात घ्यायचा, अंगठ्याने आतून चाचपायचा आणि कॅलिपर न लावता सांगायचा, किती झिजलाय. मग लेथवर पितळेचा नवा काढून द्यायचा. त्या बुशवर म्हैसूरचा शिक्का नव्हता, पण गाडीला ते कळत नव्हतं.

बुलेटचं तर घराणंच वेगळं. लष्कराच्या मागणीमुळे 1955 ला मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. 1970 च्या सुमारास विलायतेतली मूळ कंपनी बुडाली, पण मद्रासला तीच गाडी, तेच कास्ट आयर्न इंजिन निघत राहिलं. म्हणून साठ सालच्या बुलेटला नव्वद सालचे कितीतरी पार्ट बसायचे. दुकानदाराला याच्यापेक्षा सुखाची गोष्ट नाही. बुलेटखाली तेलाचा थेंब नसेल तर तिच्यात तेलच नाही समजावं, हा विनोद प्रत्येक गॅरेजमध्ये होता, आणि तो बुलेटवालेच सांगायचे. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर दाबा, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आणा, मग किक मारा. नाहीतर किक उलटून पिंढरी फोडणार. हे ज्याला जमायचं तो स्वतःला निम्मा इंजिनिअर समजायचा, आणि खरं सांगायचं तर होताच.

मग कंपनीने इंजिन बदललं. आधी ऑस्ट्रियाच्या एव्हीएल कंपनीच्या मदतीने बनवलेलं ॲल्युमिनियमचं, मग 2008 ला थंडरबर्डमध्ये आलेलं एकाच घरात गिअरबॉक्स असलेलं यूसीई. 2009 ला क्लासिक 350 तेच घेऊन आली. गिअर उजव्या पायाचा डाव्या पायाला गेला. आमच्या काउंटरवर शोकसभाच झाली. "ही बुलेटच नाही. टिकणार नाही." ती माणसं आज त्याच क्लासिकवर चैत्रात वणीच्या गडावर जातात, लळिंगच्या घाटात ट्रकच्या मागे तासभर अडकतात आणि गाडीला काही होत नाही.

इथे थोडं विषयांतर. 1945 ला अमळनेरात वनस्पती तुपाचा कारखाना निघाला, त्याचीच पुढे विप्रो झाली. त्यामुळे आमच्या गावात काय टिकतं आणि काय नाही ही चर्चा शेअरपर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही. शेअर विकून बुलेट घेतलेल्या माणसाची गोष्ट प्रत्येक गल्लीत एक तरी आहे. खरी किती, देव जाणे. पण बुलेटवाल्याला टोमणा मारायला ती सोयीची आहे.

राहिली ती हिरो होंडा, पाटलांचं खेळणं. ते 97.2 सीसीचं आडवं इंजिन सीडी 100 मधून 1994 ला स्प्लेंडरमध्ये गेलं. होंडा कंपनी वेगळी झाली, हिरोचं नाव बदललं, इंजिनाचं घराणं तेच राहिलं. इंजिन चांगलं होतं यात वाद नाही. पण स्प्लेंडर खेड्यात अजून धावते ती पारोळ्याला, धरणगावला, चोपड्याला, अगदी बाजाराच्या दिवशी टपरीवरही तिचा पिस्टन मिळतो म्हणून. त्याच सुमाराच्या दुसऱ्या कितीतरी गाड्या इंजिनाने वाईट नव्हत्या. त्यांचा एखादा गिअर, एखादं कॉइल मिळेनासं झालं आणि त्या गोठ्यात कडब्याखाली गेल्या. माझ्या धंद्यात मी गाडी झिजून मेलेली क्वचित पाहिली. ती कुठल्यातरी दीडशे रुपयांच्या वस्तूवाचून मरते.

म्हणून मंगळवारच्या पोरांना मी इंजिनाचं काही विचारत नाही. विचारतो, या इंजिनाच्या आणखी किती गाड्या निघतात? मीटिअर 2020 ला आली, तेच 350 चं इंजिन पुढच्या वर्षी क्लासिकमध्ये, मग हंटरमध्ये, 2023 ला बुलेटमध्ये गेलं. चार गाड्या एका इंजिनावर, म्हणजे धुळ्याचा व्यापारी त्याचा माल न घाबरता भरणार. 2016 ची हिमालयन 411 सीसीची, तिचं इंजिन फार थोड्या गाड्यांत गेलं. 2023 च्या नवीत 452 सीसीचं, पाण्याने थंड होणारं, अगदीच वेगळं. नवं इंजिन वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट बेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीत ट्रॅफिकमध्ये अडकल्यावर पंखा सुरू होतो ते मला आवडतं. फक्त आमच्याकडची काळी माती पहिल्या पावसात रेडिएटरच्या जाळीत बसते आणि सुकली की सिमेंट होते. ती पाण्याच्या बारीक धारेने, मागच्या बाजूने धुवायची, प्रेशरने मारली तर पाकळ्या वाकतात. हे माहितीपुस्तकात सापडत नाही, म्हणून सांगून ठेवतो.

2021 च्या मे महिन्यात रॉयल एन्फिल्डने इग्निशन कॉइलसाठी 2,36,966 गाड्या परत बोलावल्या, तेव्हा काउंटरवर खूप हसले लोक. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. राजदूतचं कॉइल गेलं तर दूधवाला ते स्वतःच्या पैशाने घ्यायचा आणि कंपनीला कळायचंही नाही. आता कंपनी बोलावते, बदलते, फुकट देते. आमच्या धंद्याचं थोडं नुकसान, पण गाडीच्या वयाला ते चांगलंच.

वाईट वाटतं ते दुसऱ्या गोष्टीचं. परवा इंदूरकडून परतणारा एक मुलगा बंद पडलेली टुरिंग गाडी टेम्पोत घालून आला. कंपनी कोणती ते सोडा. पेट्रोल होतं, प्लगला ठिणगी होती, पंपाचा आवाज नव्हता. रस्त्यावर त्याने कोणत्याही गॅरेजवाल्याला हात लावू दिला नव्हता, वॉरंटी जाईल म्हणून. सर्व्हिस सेंटरने फोनवर पंप पूर्ण संच म्हणून बदलावा लागेल, माल यायला आठ-दहा दिवस लागतील, असं सांगितलं. माझ्या पोराने सीट काढून फ्यूज पाहिला, वायरिंगचा सॉकेट काढून पुसून बसवला. पंप गुणगुणायला लागला. पाण्याचा एक थेंब आणि हिरवट गंज, बाकी काही नव्हतं. त्या मुलाने हजार किलोमीटर गाडी चालवली होती, पण सीट कशी निघते ते त्याला माहीत नव्हतं. त्याचा दोष नाही; कोणी दाखवलंच नाही.

दुकान आता पोरगाच बघतो. त्याने स्कॅनर घेतलाय, एरर कोड वाचतो, मीही चष्मा लावून वाचायला शिकलो. तरी कोणी विचारलंच की काका, ही नवी गाडी दहा वर्षं टिकेल का, तर मी सांगतो, दहा वर्षांनी ये. तोवर एअर फिल्टर, केबल, ब्रेक पॅड आमच्या फळीवर तयार मिळतील. फ्युएल पंप ऑर्डर देऊन मागवावा लागतो, आणि त्याचे पैसे आगाऊ.