ग्रीक बेटांची बोट आणि लोझानची फाळणी

ग्रीसमध्ये एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे तर आजही बोटीला पर्याय नाही. मोठ्या बेटांवर विमानतळ आहेत, पण सामान्य माणसाचा प्रवास बोटीनेच होतो. अथेन्सला लागून असलेल्या पिरेयस बंदरातून रोज संध्याकाळी इमारतीएवढ्या उंच बोटी सुटतात. खालच्या मजल्यावर मालाचे ट्रक, गाड्या, मोटारसायकली असतात. वर प्रवासी. केबिन परवडत नाही ती मंडळी खुर्चीत नाही तर डेकवर चादर अंथरून रात्र काढतात. ज्या छोट्या बेटांचा मार्ग तोट्यात जातो, तिथल्या बोटींना सरकार अनुदान देते. ग्रीक लोक अशा मार्गाला ‘नापीक रेषा’ म्हणतात. उन्हाळ्यात ‘मेल्तेमी’ नावाचा उत्तरेकडचा वारा सुटतो. तो फार वाढला की बोटी बंदरातच अडकून पडतात आणि बेटांचा जगाशी संबंध तुटतो.

या बोटींनी मी चार बेटे पाहिली. क्रीट, लेस्बोस, रोड्स आणि कोस. चारही बेटांवर कित्येक शतके उस्मानी राज्य होते. चारही ठिकाणी जुन्या शहरात मशिदीचा घुमट किंवा मिनार दिसतो. पण जुने, स्थानिक, पिढ्यान्‌पिढ्या तिथेच राहिलेले मुसलमान आता फक्त रोड्स आणि कोसवर उरले आहेत. क्रीट आणि लेस्बोसवरचा हा समाज शंभर वर्षांपूर्वीच संपला. एकाच समुद्रातील, एकाच साम्राज्यातील बेटांमध्ये हा फरक कसा पडला, हे समजून घेण्यासारखे आहे.

धर्माने ठरलेली अदलाबदल

पहिल्या महायुद्धानंतर ग्रीक सैन्य आशिया मायनरमध्ये उतरले. १९२२ साली मुस्तफा कमालच्या सैन्याने त्याचा पराभव केला. सप्टेंबरमध्ये स्मर्ना, म्हणजे आजचे इझमिर, जळाले. लाखो ख्रिस्ती निर्वासित मिळेल त्या जहाजाने पिरेयस आणि बेटांकडे धावले. त्यानंतर स्वित्झर्लंडमधील लोझान इथे वाटाघाटी सुरू झाल्या. ३० जानेवारी १९२३ रोजी ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येच्या अदलाबदलीचा करार केला. तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसला आणि ग्रीसमधील मुसलमान तुर्कस्तानला जातील, असे ठरले. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान तेवढे वगळण्यात आले. या व्यवहारात सुमारे १२ लाख ख्रिस्ती आणि साडेतीन लाखांहून अधिक मुसलमान कायमचे बेघर झाले. ख्रिस्त्यांपैकी बहुतेक तर कराराच्या आधीच पळून आले होते. कराराने त्यांची परतीची वाट बंद केली.

महत्त्वाची बाब अशी, की ही अदलाबदल सक्तीची होती आणि तिचा निकष फक्त धर्म होता. घरात कोणती भाषा बोलता, हा प्रश्न कुणी विचारला नाही.

क्रीटचे उदाहरण घ्या. १६६९ साली कांदिया शहर पडले आणि हे बेट उस्मानी अमलाखाली गेले. पुढे स्थानिक लोकांनी मोठ्या प्रमाणात इस्लाम स्वीकारला. १८८१ च्या जनगणनेत बेटावरची सुमारे एक चतुर्थांश वस्ती मुस्लिम होती. हे लोक बाहेरून आलेले तुर्क नव्हते. त्यांची मातृभाषा क्रीटची ग्रीक बोली होती. गाणी, खाणेपिणे, शपथा, शिव्या, सगळे शेजारच्या ख्रिस्त्यांसारखेच. १८९८ साली बेट स्वायत्त झाले, तेव्हाच्या हिंसाचारात त्यांतील हजारो निघून गेले. उरलेल्यांना १९२३ च्या कराराने बोटीत बसवले.

दुसऱ्या बाजूला अनातोलियाच्या आतल्या भागात करामानली नावाचे ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. ते तुर्की बोलत आणि ती ग्रीक लिपीत लिहीत. त्यांना ‘ग्रीक’ म्हणून ग्रीसला पाठवण्यात आले. ग्रीक बोलणारे मुसलमान तुर्कस्तानात उतरले, तुर्की बोलणारे ख्रिस्ती ग्रीसमध्ये. ज्या देशाला त्यांचे ‘खरे घर’ म्हटले गेले, तिथली भाषाच त्यांना येत नव्हती. क्रीटहून गेलेल्यांना तुर्कस्तानात ‘अर्धे काफर’ म्हणून हिणवले गेले. अनातोलियाहून आलेल्यांना ग्रीसमध्ये ‘तुर्कांची अवलाद’ म्हटले गेले.

लेस्बोसची राजधानी मितिलिनी इथे ‘येनी जामी’ ही मशीद पडक्या अवस्थेत उभी आहे. समोरच्या किनाऱ्यावर, बोटीने दीड तासाच्या अंतरावर, तुर्कस्तानातील आयवालिक हे गाव आहे. तिथली जुनी चर्च मशिदी झाली. लेस्बोसचे मुसलमान आयवालिकला गेले आणि आयवालिकच्या ख्रिस्त्यांपैकी पुष्कळांनी लेस्बोसचा आसरा घेतला. इकडून गेलेला तिकडच्या माणसाच्या घरात राहिला. दोघांनाही आपले गाव समोर दिसत होते, पण तिथे जाता येत नव्हते.

रोड्स आणि कोस का वाचले?

रोड्स आणि कोस वाचले ते कुणाच्या सहिष्णुतेमुळे नाही. लिबियाच्या युद्धात, १९१२ साली, इटलीने ही बेटे उस्मानी सत्तेकडून घेतली होती. १९२३ साली ती ग्रीसमध्ये नव्हती, म्हणून करार त्यांना लागू झाला नाही. ही बेटे ग्रीसला मिळाली दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ च्या तहाने. तोवर अदलाबदलीची लाट ओसरली होती.

रोड्सच्या तटबंदीतील जुन्या शहरात सुलेमानिया मशीद आहे. १५२२ साली सुलतान सुलेमानने हे बेट सेंट जॉनच्या सरदारांकडून जिंकले, त्या विजयाची ती खूण. मशिदीसमोर हाफिज अहमद आगा यांनी १७९३ साली स्थापन केलेले ग्रंथालय आहे. गोट्यांची नक्षी घातलेले अंगण ओलांडून आत गेले, की अरबी, फारसी आणि तुर्की हस्तलिखिते दिसतात. या दोन बेटांवर आज काही हजार मुसलमान राहतात. कोस शहराजवळच्या प्लातानी गावात खानावळी मुसलमानांच्या आहेत आणि गिऱ्हाईक बहुतांशी ख्रिस्ती. दुकानदार घरच्यांशी तुर्कीत बोलतो, हिशेब ग्रीकमध्ये करतो.

हे चित्र अगदी गुळगुळीत करून सांगण्यात अर्थ नाही. उस्मानी काळात रोड्सच्या तटबंदीच्या आत ख्रिस्त्यांना राहू दिले जात नसे. ग्रीक राज्यात १९७० च्या दशकात इथल्या मुसलमानांचे तुर्की भाषेतील शिक्षण बंद झाले. अन्याय दोन्ही राजवटींत झाले. पण लोझानच्या समर्थकांचे म्हणणे असे होते, की हे दोन समाज एकत्र राहूच शकत नाहीत. जिथे त्यांना वेगळे काढले गेले नाही, तिथे ते अजून राहत आहेत. कायद्याच्या फटीतून निसटलेल्या या दोन बेटांनी तो दावा खोटा ठरवला.

धर्म पाहून माणसे बोटीत चढवण्याचा प्रकार रोड्सने मात्र नंतर पाहिला. जुलै १९४४ मध्ये जर्मनांनी बेटावरच्या ज्यूंना गोळा केले. स्पेनमधून हाकलल्या गेलेल्या पूर्वजांची ही लेकरे चारशे वर्षांनंतरही घरात जुनी स्पॅनिश बोलत होती. कोसच्या ज्यूंसह त्यांना मालवाहू बोटींतून पिरेयसला आणि तिथून रेल्वेने आउशवित्झला नेले. त्यांतील बहुतेक परतले नाहीत. तुर्की वाणिज्यदूत सलाहत्तिन उलकुमेन यांनी जर्मन अधिकाऱ्याशी हुज्जत घालून चाळीसहून अधिक जणांना सोडवून घेतले. तुर्की कायदा नागरिकांमध्ये धर्मावरून भेद करत नाही, हा त्यांचा युक्तिवाद होता.

आपला संबंध

लोझान हे नाव भारतीय मुसलमानांना नवे नाही. खिलाफत चळवळीच्या काळात मुंबईतून स्मर्ना आणि अंगोरा फंडासाठी पैसे गोळा होत होते. तुर्की विजयाचा आनंद इथेही साजरा झाला. आपल्या सामूहिक स्मृतीत तो विजय आणि पुढे झालेले खिलाफतीचे विसर्जन, दोन्ही आहेत. त्याच लोझानमध्ये घर गमावलेला क्रीटचा ग्रीकभाषिक मुसलमान मात्र तिथे नाही. तो ना विजेत्यांच्या कथेत बसला, ना पराभूतांच्या.

पुढे हाच करार आपल्या फाळणीच्या चर्चेत आला. १९४० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाकिस्तानवरील ग्रंथात तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाच्या अदलाबदलीचा दाखला दिला. धार्मिक संघर्षावर तो टिकाऊ उपाय आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यामागे अल्पसंख्याकांच्या सुरक्षिततेची खरी काळजी होती. पण लोझानच्या वाटाघाटींत पुढाकार घेणाऱ्या लॉर्ड कर्झनलाच हा मार्ग वाईट वाटत होता आणि जगाला त्याची किंमत शंभर वर्षे मोजावी लागेल, असे त्याने बोलून दाखवले होते. १९०५ साली बंगालची फाळणी करणारा व्हाइसरॉय हाच. बाबासाहेबांचा तर्क मला समजतो, पण आयवालिकचा किनारा पाहिल्यावर तो पटत नाही. शांतता मिळाली असेल, पण ती ज्यांच्या नावाने मिळवली त्यांना कुणी विचारले नव्हते.

ग्रीसच्या वतीने लोझानला वाटाघाटी करणारे एलेफ्थेरिओस वेनिझेलोस स्वतः क्रीटचे. त्यांचे नाव एका प्रवासी बोटीला दिले होते. ऑगस्ट २०१५ मध्ये ग्रीक सरकारने तीच बोट कोसला पाठवली, कारण रबरी होड्यांतून आलेल्या सीरियन निर्वासितांची नोंदणी करायला बेटावर जागा नव्हती. तीन आठवड्यांच्या आतच आलान कुर्दी या चिमुरड्याचा मृतदेह बोद्रुमजवळच्या किनाऱ्यावर सापडला. त्याचे कुटुंब निघाले होते कोसलाच. बोद्रुम-कोस हे अंतर नेहमीची बोट तासाभरात कापते, पण तिचे तिकीट पासपोर्ट असलेल्यालाच मिळते.

अलीकडे एक चांगला बदल झाला आहे. २०२४ पासून काही ग्रीक बेटांवर तुर्की नागरिकांना बंदरात उतरल्यावर सात दिवसांचा व्हिसा मिळतो. आयवालिकहून बोटीने येऊन आजोबांच्या गावातील घर शोधणे आता सोपे झाले आहे. एकेकाळी मुंबईहून कराचीलाही बोट जात असे. कराचीत आजही कोकणी मुसलमानांची वस्ती आहे. त्यांच्या नातवंडांना रत्नागिरीतील घर पाहायचे असेल, तर त्यांच्यासाठी आज कुठलीही बोट सुटत नाही.