गाठ दिसली, पण कशाची?

पारनेर तालुक्यातल्या आमच्या मामांनी पंचाहत्तरी ओलांडली आणि त्यांची रया जाऊ लागली. जेवण तुटलं, वजन घटलं, उभं राहिलं की भोवळ यायची. तोंड आणि तळहातांच्या रेषा काळवंडल्या. "वय झालं," असं सगळेच म्हणायचे. नगरला सोनोग्राफी केली, तर दोन्ही मूत्रपिंडांच्या वर गाठी! घरात एकच शब्द कुजबुजला गेला, कॅन्सर. मामा म्हणाले, "आता मला कुठं नेऊ नका रे."

मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसणाऱ्या या अ‍ॅड्रिनल ग्रंथी. एकेकीचं वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. सोळाव्या शतकात इटलीच्या युस्टाकी यांनी त्यांचं वर्णन केलं. पण त्यांचं काम काय, हे तीनशे वर्षं कुणाला उमगलं नाही. १८५५ साली लंडनच्या गायज् हॉस्पिटलमधल्या थॉमस अ‍ॅडिसन यांनी अशक्तपणा, काळवंडलेली कातडी आणि बिघडलेल्या ग्रंथी यांची सांगड घातली. मात्र ग्रंथी पाहायला मिळायच्या त्या शवविच्छेदनात! त्यातल्या बऱ्याच क्षयानं पोखरलेल्या होत्या.

जिवंतपणी पोटात डोकावण्याची सोय पुढं सोनोग्राफीनं आणि १९७१ नंतर सीटी स्कॅननं झाली. आपल्या जिल्ह्यातलं लोणीचं वैद्यकीय महाविद्यालयही १९८४ चं. मामांच्या तरुणपणी हे सारं स्वप्नवतच होतं.

पण चित्र गाठ दाखवतं, तिचं नाव सांगत नाही. दोन्हीकडची गाठ दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची असू शकते. तशी क्षयाची किंवा हिस्टोप्लाझ्मा नावाच्या बुरशीचीही असते. ही बुरशी पक्षी-वटवाघळांच्या विष्ठेनं माखलेल्या मातीत वाढते आणि श्वासावाटे शरीरात शिरते.

म्हणून डॉक्टरांनी आधी सकाळचं रक्त घेऊन कॉर्टिसॉल मोजलं. ते फारच कमी निघालं, तेव्हा स्टेरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू केल्या. मग रक्तदाब एकाएकी भडकवणारी गाठ नाही ना, याची तपासणी झाली; कारण तशा गाठीला सुई टोचणं जिवावर बेतू शकतं. त्यानंतरच सुईनं तुकडा काढला. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी निघाली!

बुरशीवरचं औषध वर्षभर चाललं. स्टेरॉइडची गोळी मात्र जन्माची सोबतीण. ती मनानं बंद करायची नाही, हे मामांनी घरात सर्वांना बजावून ठेवलंय. आता ते पहाटे शेताच्या बांधावर चक्कर मारून येतात. कुणी "वय झालं" म्हटलं, की विचारतात, "तपासलंस का?"