उद्वाहन समूह नियंत्रण

एका इमारतीत शेजारी शेजारी बसवलेल्या अनेक उद्वाहनांपैकी (बोलीभाषेत लिफ्ट) कोणत्या बोलावण्याला कोणती लिफ्ट पाठवायची, हे ठरवणाऱ्या पद्धतीस उद्वाहन समूह नियंत्रण असे म्हणतात. प्रत्येक लिफ्ट बोलावलेल्या मजल्यावर किती सेकंदांत पोहोचेल याचा अंदाज हा या पद्धतीचा पाया आहे. अंदाज जितका अचूक, तितके प्रवाशांचे ताटकळणे कमी होते. उंच इमारतीत लिफ्टची संख्या वाढवायची तर प्रत्येक मजल्यावरील जागा खर्ची पडते. त्यामुळे आहेत त्याच लिफ्टकडून अधिक काम करून घेण्यासाठी नियंत्रणाची पद्धत महत्त्वाची ठरते.

इतिहास

एलिशा ओटिस यांनी १८५४ मध्ये न्यू यॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात, दोर तुटला तरी खाली न कोसळणाऱ्या लिफ्टचे प्रात्यक्षिक दाखवले. १८५७ मध्ये त्याच शहरातील हॉवाउट यांच्या दुकानाच्या इमारतीत प्रवासी लिफ्ट सुरू झाली. पुढे अनेक दशके प्रत्येक लिफ्टमध्ये लिफ्टमन असे. मोठ्या इमारतींत तळमजल्यावर एक मुकादमही उभा असे व गर्दी पाहून कोणती लिफ्ट केव्हा सोडायची ते तो सांगे. समूह नियंत्रणाचे हे आरंभीचे, मानवी रूप होय.

सप्टेंबर १९४५ मध्ये न्यू यॉर्कमधील लिफ्टमन व इमारत कर्मचाऱ्यांनी संप केला आणि उंच इमारतींमधील कामकाज ठप्प झाले. त्यानंतरच्या काळात स्वयंचलित लिफ्टकडे ओढा वाढला. १९५० मध्ये ओटिस कंपनीची ‘ऑटोट्रॉनिक’ ही लिफ्टमनविना चालणारी प्रणाली अमेरिकेतील डॅलस शहरात बसवण्यात आली. मुकादमाचे काम प्रथम विद्युत रिले व पुढे संगणक करू लागले. त्याबरोबर एक व्यवसायही हळूहळू अस्तंगत झाला.

आगमनवेळेचा अंदाज

सर्वांत सोप्या पद्धतीत बोलावणाऱ्या मजल्याच्या दिशेने येत असलेली सर्वांत जवळची लिफ्ट निवडली जाते. मात्र जवळची लिफ्ट लवकर पोहोचेलच असे नाही. उदाहरणार्थ, एक मजला ओलांडण्यास २ सेकंद लागतात आणि प्रत्येक थांब्यामुळे १० सेकंद खर्च होतात असे मानू. आठव्या मजल्यावरून खाली जाण्यासाठी कोणी बटण दाबले आहे. पहिली लिफ्ट बाराव्या मजल्यावरून खाली येत आहे व तिला अकरावा, दहावा आणि नववा अशा तीन मजल्यांवर थांबायचे आहे. दुसरी लिफ्ट तळमजल्यावर रिकामी उभी आहे. पहिली केवळ चार मजले दूर असली तरी तिला ८ सेकंद प्रवासाचे व ३० सेकंद थांब्यांचे, असे एकूण ३८ सेकंद लागतील. आठ मजले दूर असलेली दुसरी लिफ्ट १६ सेकंदांत पोहोचेल. अंतराऐवजी वेळ मोजल्याने निर्णय उलटतो.

प्रत्यक्षात एवढ्यावर भागत नाही. दुसरी लिफ्ट वर गेल्यानंतर लगेच तळमजल्यावर माणसे आली, तर त्यांना थांबावे लागते. म्हणून नवे बोलावणे स्वीकारल्यामुळे आधीच्या व येऊ घातलेल्या प्रवाशांचा किती वेळ वाढेल, हेही हिशेबात धरले जाते. ओटिस कंपनीच्या जोसेफ बिट्टार यांना १९८२ मध्ये एकस्व मिळालेल्या पद्धतीत प्रत्येक लिफ्टच्या स्थितीनुसार अनुकूल व प्रतिकूल गुण देऊन तुलना केली जाते.

अंदाजातील अडचणी

नियंत्रकाला बटण दाबले गेल्याचे कळते. बाहेर एक माणूस उभा आहे की दहा, हे कळत नाही. त्यांना कोठे जायचे आहे, हेही ते आत शिरून बटण दाबेपर्यंत अज्ञात असते. लिफ्टमधील वजनमापक व दारातील प्रकाशकिरणांचे संवेदक यांवरून चढ-उतार करणाऱ्यांची संख्या ताडली जाते. सकाळची वर जाणारी गर्दी, जेवणाच्या सुटीतील दुतर्फा वर्दळ व संध्याकाळी खाली येणारा लोंढा यांच्या नोंदी ठेवून पुढील मागणीचा अंदाज बांधला जातो. फिनलंडमधील मार्या-लीसा सीकोनेन यांचे या विषयावरील संशोधन प्रसिद्ध आहे.

पर्यायांची संख्याही प्रचंड असते. चार लिफ्ट व दहा बोलावणी असतील, तर वाटणीचे १०,४८,५७६ प्रकार संभवतात आणि प्रत्येक नव्या बोलावण्यासरशी गणित बदलते. रॉबर्ट क्राइट्स व अँड्र्यू बार्टो यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास दहा मजले व चार लिफ्ट असलेल्या इमारतीच्या संगणकीय प्रतिरूपावर ‘प्रबलन अध्ययन’ ही तंत्रपद्धती वापरली. यंत्राने अनुभवातून शिकलेले निर्णय तोवरच्या प्रचलित नियमांपेक्षा सरस ठरले.

गंतव्य नियंत्रण

ऑस्ट्रेलियातील अभियंते व पुढे सिडनीचे महापौर झालेले लिओ पोर्ट यांनी १९६१ मध्ये वेगळी कल्पना मांडली : प्रवाशाने लिफ्टबाहेरच आपला मजला नोंदवावा. संगणकांच्या प्रसारानंतर, १९९० च्या दशकात शिंडलर कंपनीच्या ‘मायकॉनिक १०’ या प्रणालीने ही कल्पना व्यवहारात रुजवली.

तिचा लाभ साध्या संभाव्यतेने समजतो. तळमजल्यावरून आठ माणसे चढली व त्यांना वरच्या दहांपैकी कोणत्याही मजल्यावर जाण्याची सारखीच शक्यता असली, तर सरासरी ५.७ थांबे होतात. एकाच मजल्यावर जाणाऱ्यांना एकत्र बसवल्यास थांबे घटतात व लिफ्ट लवकर परतते. मात्र ऐन वेळी नियुक्त लिफ्ट बदलण्याची मुभा राहत नाही. तसेच दहा जणांच्या वतीने एकानेच मजला नोंदवला, तर अंदाज पुन्हा चुकतो.

न्याय्यता व सुरक्षितता

केवळ सरासरी प्रतीक्षा कमी करण्याचे धोरण अन्यायकारक ठरू शकते. गर्दीच्या मजल्यांना झुकते माप मिळून एखाद्या एकाकी मजल्यावरील प्रवासी दीर्घकाळ ताटकळतो. यावर उपाय म्हणून काही पद्धतींत प्रतीक्षाकाळाचा वर्ग धरतात : ६० सेकंद थांबलेल्या एका प्रवाशाचा भार २० सेकंद थांबलेल्या नऊ प्रवाशांइतका मानला जातो.

चाकाच्या खुर्चीवरील किंवा काठी घेऊन चालणाऱ्या व्यक्तीला लिफ्टपर्यंत पोहोचण्यास अधिक वेळ लागतो. दार किती वेळ उघडे ठेवायचे हे ठरवताना ती वेळ धरली नाही, तर लिफ्ट वेळेवर येऊनही तिच्या उपयोगाची राहत नाही. दृष्टिहीनांसाठी नियुक्त लिफ्टची ध्वनिसूचना आवश्यक असते. आगीच्या प्रसंगी मात्र हे सारे गणित बाजूला ठेवले जाते : तशी सोय असलेल्या इमारतींत लिफ्ट नेमून दिलेल्या मजल्यावर, बहुधा तळमजल्यावर, परत आणून प्रवाशांसाठी बंद केल्या जातात.