बंदूक अडकते तेव्हा

दहावीच्या सुट्टीत ज्यांना आई-वडिलांनी टायपिंगच्या क्लासला घातलं होतं, त्यांना ‘रेमिंग्टन’ हे नाव नक्की आठवत असेल. मराठी टायपिंगच्या एका कीबोर्डला आजही रेमिंग्टन पद्धतच म्हणतात. ही रेमिंग्टन मुळात बंदुका बनवणारी कंपनी, हे मात्र मला अमेरिकेत येऊन बरीच वर्षं झाल्यावर कळलं. आणि तेसुद्धा एका अडकलेल्या बंदुकीमुळे!

झालं असं, की आमच्या ऑफिसातले एक ज्येष्ठ सहकारी दर शनिवारी मातीच्या तबकड्यांवर नेम धरायला जातात. एकदा मी सोबत गेलो. त्यांच्याकडे वडिलांच्या वेळची सेमी-ऑटोमॅटिक शॉटगन होती. चाप ओढला की बार उडतो, रिकामं काडतूस आपोआप बाहेर फेकलं जातं आणि दुसरं आत येऊन बसतं. त्या दिवशी मात्र दर दुसऱ्या बाराला रिकामं काडतूस अर्ध्यातच अडकत होतं. गंमत म्हणजे बदकांच्या शिकारीची जड काडतुसं घातली की बंदूक मुकाट्याने चाले, आणि हलकी घातली की रुसे. आमच्या धंद्यात याला ‘इनपुटवर अवलंबून असलेला बग’ म्हणतात. मग काय, मला राहवेना. घरी येऊन वाचायला बसलो आणि थेट शंभर वर्षं मागे जाऊन पोचलो.

आपोआप भरणारी पहिली यशस्वी शॉटगन बनवली युटा राज्यातल्या ऑग्डन गावच्या जॉन मोझेस ब्राउनिंगने. तिचं पेटंट १९०० सालचं. त्याआधी जवळजवळ वीस वर्षं तो आपली डिझाइन्स विंचेस्टर कंपनीला एकरकमी पैसे घेऊन विकत असे. या वेळी त्याने प्रत्येक बंदुकीमागे रॉयल्टी मागितली. विंचेस्टरचे प्रमुख बेनेट यांनी साफ नकार दिला आणि ब्राउनिंग डिझाइन उचलून बाहेर पडला. तो गेला रेमिंग्टनकडे. ८ जानेवारी १९०२ रोजी तो कंपनीचे अध्यक्ष मार्सेलस हार्टली यांच्या भेटीसाठी ऑफिसात थांबला होता, आणि त्याच दिवशी हार्टली हृदयविकाराने गेले. भेट झालीच नाही. शेवटी ब्राउनिंगने जहाज पकडलं आणि बेल्जियममधल्या एफएन कंपनीशी करार केला. ती बंदूक म्हणजे ‘ऑटो-५’. ती पुढे १९९८ सालापर्यंत बनत होती. रेमिंग्टननेही नंतर परवाना घेऊन १९०५ पासून तीच बंदूक ‘मॉडेल ११’ या नावाने काढली.

ऑटो-५ गॅसवर चालत नसे. बार उडाला की धक्क्याने तिची अख्खी नळी मागे सरकायची आणि त्या जोरावर पुढचं काम व्हायचं. पण काडतूस हलकं की जड यावर धक्का बदलणार. म्हणून ब्राउनिंगने आत घर्षणाची एक कडी ठेवली होती. जड काडतूस असेल तर कडी स्प्रिंगच्या पुढे लावायची, हलकं असेल तर मागे. लोक हे विसरायचे. कडी हलक्याच्या जागी ठेवून जड काडतुसं उडवली की आतल्या भागांवर घणाचे घाव बसायचे, लाकूड तडकायचं. म्हणजे आमच्या सहकाऱ्यांच्या बंदुकीचा बग पहिल्या दिवसापासूनचा आहे तर!

या इतिहासातलं सर्वांत काळं पान मात्र विंचेस्टरचं. नाकारलेलं डिझाइन दुसऱ्यांकडे धो धो चाललेलं पाहून त्यांनी १९११ साली स्वतःची बंदूक आणली. ब्राउनिंगच्या पेटंटमधून वाट काढायची म्हणून तिला बोल्ट मागे ओढायचा दांडाच दिला नाही. त्याऐवजी नळीवर खरखरीत नक्षी होती. तिथे धरायचं आणि नळीच मागे ओढायची. कागदावर ठीक. पण तेव्हाची काडतुसं पुठ्ठ्याची असत आणि दमट हवेत फुगत. फुगलेलं काडतूस आत घट्ट बसलं की हाताने नळी हलेना. मग माणूस दस्ता जमिनीवर टेकवी आणि नळीवर वरून जोर देई. तोंड कुठे? नळीच्या तोंडाशी. काडतूस उडालं की संपलं! या बंदुकीला ‘विधवा करणारी’ असं टोपणनाव पडलं. १९२५ मध्ये तिचं उत्पादन थांबलं.

हे वाचून मी जरा वेळ गप्पच बसलो. ‘वापरणाऱ्याने चुकीची वापरली’ असं म्हणणं किती सोपं! पण अडचणीत सापडलेला माणूस काय करेल, याचा विचार डिझाइन करणाऱ्याने करायला नको का? आपण लिहिलेलं सॉफ्टवेअर अडकलं तर फार तर रात्री दोन वाजता फोन येतो. इथे माणूस घरी परत येत नव्हता.

आता गॅसकडे वळू. बंदुकीची दारू पेटली की नळीत प्रचंड दाबाचा गॅस तयार होतो. नळीला खाली बारीक भोकं पाडून त्यातला थोडासा गॅस चोरायचा, त्याने एक पिस्टन मागे ढकलायचा आणि पिस्टनने बोल्ट उघडायचा, अशी ही युक्ती. नळी जागेवर राहते आणि खांद्याला धक्काही कमी जाणवतो. रेमिंग्टनने १९५६ मध्ये ‘मॉडेल ५८’ काढलं. त्यात पुढच्या टोपणावर हलकं-जड असा खटका होता, म्हणजे जबाबदारी पुन्हा वापरणाऱ्यावरच. १९६३ साली ‘मॉडेल ११००’ आलं आणि तो खटका गेला. या बंदुका लाखोंनी खपल्या. मात्र जड मॅग्नम काडतुसांसाठीची नळी वेगळी घ्यावी लागे. ती गॅस कमी चोरते, त्यामुळे तिच्यात हलकं काडतूस घातलं तर फुसका बार ठरतो. १९८७ च्या ‘११-८७’ मध्ये यावरही उपाय निघाला. जादा दाब झाला की स्प्रिंगची पट्टी उघडते आणि गॅस बाहेर सोडते. आपल्या कुकरची शिट्टीच की!

आणि कुकर म्हटलं की रिंग आली. अशा अनेक बंदुकांत गॅस निसटू नये म्हणून रबराची छोटी रिंग असते. ती तडकली की कुकरसारखीच गत. वाफ बाजूने जाते, शिट्टी काही होत नाही. पुढच्या शनिवारी आम्ही दोघं बसलो. सहकाऱ्यांनी आधी बंदूक पूर्ण रिकामी केली, दोनदा डोळ्यांनी आणि एकदा बोटाने तपासली. मगच कामाला हात. मी उत्साहात म्हटलं, “भोकं जरा मोठी केली तर? गॅस जास्त मिळेल.” ते हसले. म्हणाले, “आज हलकी काडतुसं चालतील, पण जड काडतूस घातलंस की दरवेळी आतले भाग ठेचले जातील. भोक मोठं करता येतं, लहान करता येत नाही.”

मग ओळीने तपासलं. आधी काडतुसं: दुसऱ्या कंपनीची हलकी घालूनही तेच, म्हणजे दोष तिथे नाही. मग रबराची रिंग: बारीक तडा होता, नवी घातली. सुधारणा झाली, पण पूर्ण नाही. पिस्टनच्या कड्या नीट, दस्त्यातली स्प्रिंग गंजलेली नाही. शेवटी नळीची भोकं उजेडात धरली, तर काजळीने निम्मी बुजलेली! ती साफ केली आणि पंचवीसच्या पंचवीस बार सुरळीत गेले. एका बगमागे दुसरा बग लपलेला असतो, हे आमच्या धंद्यातलं जुनं दुखणं. पहिला सापडला की आपण शोध थांबवतो.

रिंग बदलताना ते एकदाच म्हणाले, “वडील हे सगळं दर हंगामाआधी करायचे. मी फक्त बंदूक घेतली, त्यांची सवय घेतली नाही.”

ऑल्बनीहून सिरॅक्यूजकडे जाताना हर्किमरच्या एक्झिटला उतरलं की जवळच इलियन नावाचं छोटं गाव लागतं. रेमिंग्टनचा कारखाना तिथे १८२८ पासून होता. १८७० च्या दशकात आपला तो टायपरायटरही तिथेच जन्मला. मार्च २०२४ मध्ये कारखाना बंद झाला. पिढ्यान्‌पिढ्या ज्या घरांतली माणसं त्या भोंग्यावर कामाला जात होती, त्यांचं काम संपलं. गिरणगावच्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

त्या गावातल्या बंदुका मात्र अजून कुणाच्या तरी माळ्यावर, कपाटात आहेत, आणि त्या अडकणारच. यंत्र वारसा म्हणून मिळतं, ते कसं सांभाळायचं हे विचारून घ्यावं लागतं. विचारायला घरात कुणी आहे तोवर. या दिवाळीला भारतात फोन कराल, तेव्हा बाबांना त्यांच्या जुन्या स्कूटरबद्दल किंवा आईला शिवणयंत्राबद्दल एक प्रश्न विचारून पाहा. उत्तर लांबलं तर फोन ठेवू नका.

सर्वांना दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!