चार मिनिटांची डुबकी, आठवड्याची वाट

मंडळी, सुरुवातीलाच एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, “लोखंड जस्तात बुडवायला चार-पाच मिनिटं लागतात, मग गॅल्व्हनायझिंगवाला माल आठवड्याने का देतो?” प्रश्न व्यवहाराचा आहे, पण त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

१७४२ साली मालुएँ या फ्रेंच वैद्य-रसायनज्ञाने पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे दाखवलं की वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवलं तर त्यावर जस्ताचा थर बसतो. मग धडाधड कारखाने निघाले का? नाही. मध्ये जवळजवळ शंभर वर्षं गेली. अडचण बुडवण्याची नव्हती, त्याआधीच्या धुण्याची होती. गंजलेल्या किंवा तेलकट लोखंडाला जस्त चिकटतच नाही, आणि लोखंड स्वस्तात, खात्रीने स्वच्छ करायची रीत हाताशी नव्हती.

ती आणली सोरेलने, १८३७ मध्ये. त्याच्या फ्रेंच पेटंटात लोखंड आधी सौम्य गंधकाम्लात धुवायचं आणि मग नवसागर लावायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये क्रॉफर्डनेही अशाच रीतीचं पेटंट घेतलं. नवसागर म्हटल्यावर तुमच्यापैकी ज्यांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिलाय, त्यांच्या नाकात तो पांढरा धूर गेलाच असणार! तापलेल्या भांड्यावर नवसागर टाकायचा आणि मग कथील फिरवायचं. काम तेच, फक्त इथे कथलाऐवजी जस्त. आजच्या कारखान्यात नवसागराबरोबर झिंक क्लोराइड असतं, एवढाच फरक.

आता डुबकीकडे येऊ. जस्त ४१९ अंशांच्या आसपास वितळतं, हौद साधारण ४५० अंशांवर ठेवतात. लोखंड आणि जस्त एकमेकांत मिसळून मिश्रधातूचे थर तयार होतात. ६ मिलीमीटरपेक्षा जाड पोलादावर सरासरी ८५ मायक्रॉनचा थर अपेक्षित असतो. मग आच वाढवून काम उरकता येणार नाही का? नाही येणार, कारण हौदसुद्धा पोलादाचाच! ४८० अंशांच्या पुढे जस्त हौदाच्याच भिंती झपाट्याने खायला लागतं. म्हणून तो हौद सणासुदीलाही विझवत नाहीत आणि हवा तसा तापवतही नाहीत. जवळजवळ दोनशे वर्षांत या मिनिटांत फारशी बचत झालेली नाही, ती याचमुळे.

वेळ जातो तो डुबकीच्या आधी. ॲसिडच्या टाकीत हलका गंज अर्ध्या तासात सुटतो, जुनाट गंजाला काही तास लागतात. पण रंग, ग्रीस आणि वेल्डिंगची खपली ॲसिडने निघत नाही, ती आधीच काढावी लागते. मग माल लटकवायचा. जाड-बारीक एकत्र लटकवला तर बारीक माल तयार होतो तेव्हा जाड अजून तापतच असतो. म्हणून सारख्या जाडीचे तुकडे जमेपर्यंत थांबावं लागतं, आणि तुमचा माल रांगेत राहतो. तुकडा हौदापेक्षा लांब असेल तर आधी एक टोक, मग दुसरं, म्हणजे डुबक्या दोन. त्यात पोलादातल्या सिलिकॉनची भानगड. १९४० च्या सुमारास सँडेलिनने दाखवून दिलं की सिलिकॉनच्या एका ठरावीक प्रमाणात जस्ताचा थर बेफाम वाढतो आणि राखाडी, खरखरीत होतो. कारखान्याने घाई करून किंवा न करून त्यात काही फरक पडत नाही. पोलाद विकत घेतानाच ते ठरलेलं असतं.

माझ्या मते सगळ्यात महागडी घाई पोकळ पाइपच्या बाबतीत होते. दोन्ही टोकं बंद असलेला पाइप जस्तात गेला, तर आतल्या ओलीची क्षणात वाफ होते, पाइप फुटतो आणि ४५० अंशांचं जस्त हौदाबाहेर उडतं. तिथे माणसं उभी असतात हो! म्हणून हवा जायला आणि जस्त वाहून जायला भोकं लागतात. ती फॅब्रिकेशनच्या वेळीच पाडायची असतात. ती नसतील तर शहाणा कारखानदार माल तसाच परत पाठवतो, आणि तुमचा आठवडा तिथेच जातो.

तेव्हा चिठ्ठी लिहिणाऱ्यांना माझा उलट प्रश्न: तुमच्या ड्रॉइंगवर ती भोकं दाखवली होती का?