डॅम आणि लेक (वलवण परिसरातील वापर)

इंग्रजीतून आलेले, मावळात रोजच्या बोलण्यात रुळलेले दोन शब्द. डॅम म्हणजे पाणी अडवणारी भिंत किंवा बांध. लेक म्हणजे जमिनीने वेढलेला पाण्याचा साठा, मग तो नैसर्गिक असो वा अडवलेला. अडवलेल्या साठ्यासाठी इंग्रजीत ‘रिझर्व्हॉयर’ हा नेमका शब्द आहे. आपल्याकडे तो कचेरीबाहेर फारसा पडला नाही.

लोणावळ्यालगतच्या वलवणला हे दोन्ही शब्द एकाच जागेला लागतात: टाटांच्या कागदोपत्री ‘वलवण लेक’, लोकांच्या तोंडी ‘वलवण डॅम’. 1910 मध्ये स्थापन झालेल्या टाटा जलविद्युत कंपनीने लोणावळा, वलवण आणि शिरवता येथे दगडी धरणे बांधली आणि 1915 मध्ये खोपोलीचे वीजगृह सुरू झाले. शिरवत्याचे पाणी बोगद्याने वलवणच्या तलावात येते. तिथून ते खंडाळ्याकडे जाते आणि नळांतून घाट उतरून, पाचशे मीटरहून खाली, खोपोलीला पोचते. इंद्रायणीच्या खोऱ्यातले, एरवी भीमेला मिळून पूर्वेच्या समुद्राकडे गेले असते ते पाणी वीज देऊन पाताळगंगेतून पश्चिमेला जाते. वळवले जाते ते लेकमधले पाणी. डॅम जागचा हलत नाही. लोणावळा लेकवर हा भेद डोळ्यांनी दिसतो. उन्हाळ्यात तिथे लेक आटतो, डॅम तेवढा उरतो.

‘डॅमवर गेलो’ म्हणताना भिंत अभिप्रेत असते. ‘डॅम भरला’, ‘डॅममध्ये उतरू नकोस’ म्हणताना पाणी. ही चूक मानू नये. मराठी ‘धरण’ही असेच दोन्ही अर्थांनी चालते, आणि दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलियातील इंग्रजीत ‘डॅम’ म्हणजे साठाही होतो.

आकडे वाचताना मात्र भेद पाळलाच पाहिजे. डॅमची उंची पायापासून माथ्यापर्यंत मोजतात, पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सांगतात. ‘डॅम पन्नास टक्के भरला’ म्हणजे पाणी निम्म्या भिंतीपर्यंत आले, असे नव्हे. दरी तळाशी अरुंद आणि वर रुंद असते; त्यामुळे निम्मा साठा होईतो पाणी निम्म्या उंचीच्या बरेच वर आलेले असते, आणि शेवटच्या काही मीटरमध्ये फार मोठा साठा मावतो. पावसाळ्यात विसर्गाच्या बातम्या ऐकणाऱ्या नदीकाठच्या गावांनी हे जाणून घ्यायला हवे.

लोणावळ्याजवळच्या भुशीला मात्र ‘डॅम’ हेच नाव यथार्थ आहे. रेल्वेसाठी बांधलेल्या त्या बांधावरून पायऱ्यांवर ओसंडणाऱ्या पाण्यात बसायला लोक जातात. मागचा साठा पाहायला क्वचितच कुणी थांबतो.